उत्तरपत्रिकेपासून शोधनिबंधापर्यंत

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला लिहायला कोण शिकवतं, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘बोर्ड’ असं आहे. दहावी आणि बारावी या दोन परीक्षांच्या धाकाखाली आपल्याकडचा बहुतेक सगळा लेखनसराव होतो. टिपा लिहा, कारणे द्या, फरक स्पष्ट करा, सविस्तर उत्तर लिहा. चार मार्कांना किती ओळी आणि आठ मार्कांना किती, हे मुलांना पाठ असतं. उत्तराची सुरुवात व्याख्येने करावी, मुद्द्यांखाली रेघ ओढावी, शेवटी ‘अशा प्रकारे’ लिहून दोन ओळी जोडाव्यात, आणि जमलं तर एखादी पुरवणी लावावी, कारण जाड उत्तरपत्रिकेचं वजन पडतं. अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स, गेल्या पाच वर्षांचे पेपर, हे सगळं याच कामी येतं.

या कौशल्याची टिंगल करायचा माझा हेतू नाही. तीन तासांत एवढ्या प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं लिहिणं सोपं नसतं आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींना याच लेखनाने नोकरीपर्यंत नेलं आहे. पण हे लेखन एका विशिष्ट वाचकासाठी घडवलेलं असतं. परीक्षकाला उत्तर आधीच माहीत असतं. त्याच्याजवळ नमुना उत्तर असतं, पुढ्यात गठ्ठा असतो, आणि विद्यार्थ्याकडून त्याला नवीन काही कळून घ्यायचं नसतं. मुद्दा आला की टिक, नाही आला की पुढे. विद्यार्थी आयुष्यातली दहा-बारा वर्षं अशा वाचकासाठी लिहितो आणि मग एक दिवस एम.ए.च्या वर्गात त्याला ‘सेमिनार पेपर’ लिहून आणायला सांगितलं जातं. आता वाचक बदललेला असतो. विद्यार्थ्याला काय दिसलं, ते कशावरून दिसलं आणि आधीच्या लोकांना तसं का दिसलं नाही, हे ज्याला माहीत नाही आणि जाणून घ्यायचं आहे, असा तो वाचक. पण वाचक बदलला आहे हे विद्यार्थ्याला कुणीच सांगत नाही. हे पुस्तक त्या न सांगितलेल्या बदलाविषयी आहे.

आतापर्यंत हा प्रश्न पीएच.डी.च्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरता होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी चार वर्षांची होऊ लागली आणि चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ असा पर्याय आला. म्हणजे जे काम पूर्वी तिशीतला माणूस नोकरी सांभाळून, ‘गाईड’च्या मागे फिरून, सिनॉप्सिस आणि विद्यापीठाची आरआरसी समिती पार करून करायचा, त्याची छोटी आवृत्ती आता एकविसाव्या वर्षी करायची आहे. त्याची तयारी पहिल्या वर्षापासून व्हायला हवी. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा पेपर असतो, आणि त्यात बऱ्याचदा नोकरीचा अर्ज, ई-मेल आणि ग्रुप डिस्कशन शिकवतात.

तर शोधनिबंध कसा लिहितात? नियमांची यादी देण्याआधी एक निबंध पाहू. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने जातींविषयी एक पेपर वाचला. विद्यार्थ्याला नुकतंच पंचविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. ‘कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट’ हा तो भीमराव आंबेडकरांचा निबंध पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. या पुस्तकात तो वारंवार येईल. त्याच्या लेखकाची थोरवी क्षणभर बाजूला ठेवून, एका विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर म्हणून तो वाचावा अशी माझी विनंती आहे. तसा वाचला तरच त्यातून लिहिणं शिकता येतं.

सुरुवातीलाच विद्यार्थी आपलं कुंपण आखतो. जात हा विषय अफाट आहे; मी तिची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार एवढंच पाहणार. मग तो चार व्याख्या मांडतो: फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, जनगणनेचे रिस्ली आणि केतकर. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. त्यांचं जातींच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ सालचं, कॉर्नेलमधल्या अभ्यासातून आलेलं. म्हणजे अवघ्या सात वर्षांपूर्वी अमेरिकेतच विद्यार्थी असलेल्या एका मराठी माणसाचं म्हणणं दुसरा मराठी विद्यार्थी तपासतो आहे. प्रत्येक व्याख्येत काय पटतं आणि काय अपुरं आहे हे तो सांगतो. पहिल्या तिघांचा एक समान दोष दाखवतो: जात ही सुटी वस्तू असल्यासारखी त्यांनी पाहिली, अनेक जातींच्या व्यवस्थेतला एक घटक म्हणून पाहिली नाही. केतकरांना तो मोकळेपणाने श्रेय देतो आणि तिथेच पुढचं पाऊल टाकतो. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: सभासदत्व जन्मानेच मिळतं, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं की आत येण्याचा जन्माखेरीज मार्गच उरत नाही. झालं. चार व्याख्यांच्या गर्दीतून अंतर्विवाह हे एकच सूत्र हाती येतं, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढींचा अर्थ त्या सूत्रावरून लावायला ते सुरुवात करतात. शेवटी एक कबुलीही आहे: माझं मत अंतिम आहे असं मी म्हणत नाही, ते टिकणारं नाही असं कुणी दाखवलं तर सोडायला तयार आहे.

आता आपल्या प्रबंधांतलं ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण उघडावं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातले लाखो प्रबंध कुणालाही फुकट पाहता येतात. मराठीतलेही बरेच आहेत. त्यांतल्या अनेकांत हे प्रकरण लग्नातल्या आहेराच्या यादीसारखं वाचलं जातं. अमुक यांनी २००४ साली अमुक विषयावर संशोधन केले, त्यांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे. तमुक यांनी २०११ साली तमुक विषयावर संशोधन केले, त्यांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे. वीस नावं, वीस परिच्छेद, आणि एकाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणी कुणाला उत्तर दिलं, आणि या सगळ्यात प्रबंधकाराची जागा कुठे, याचा पत्ता नाही. यादी करणाऱ्याने कष्ट केलेले असतात, यात शंका नाही. ही पुस्तकं नुसती हजेरीला बोलवायची नसतात, त्यांना आपसात बोलायला लावायचं असतं, हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

ही रीत आपल्याला परकी असायचं खरं तर कारण नाही. मीमांसेतलं अधिकरण विषय आणि संशय मांडून सुरू होतं, मग पूर्वपक्ष येतो आणि त्यानंतर सिद्धान्त. त्यात पूर्वपक्ष दुबळा करून मांडणं कमीपणाचं समजलं जाई. टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ही शिस्त पानोपानी दिसते. इतर भाष्यकारांचं म्हणणं आधी पुरेपूर मांडायचं, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या मीमांसकांच्या कसोट्या सांगायच्या आणि मग आपला पक्ष. अमेरिकेत २००६ साली जेराल्ड ग्राफ आणि कॅथी बर्केन्स्टाइन यांचं ‘दे से, आय से’ हे पुस्तक आलं आणि तिथल्या कॉलेजांत फार चाललं. त्यातही आधी लोक काय म्हणतात ते सांगा, मग तुम्ही बोला, हाच धडा आहे. फक्त त्यांनी त्यासाठी वाक्यांचे साचे तयार करून दिले. याचा अर्थ आपल्याकडे सगळं होतंच, असा कुणी काढू नये. शास्त्रचर्चेत सिद्धान्त बहुधा आधीच ठरलेला असे, आणि त्या चर्चेचं दार बहुजनांना आणि स्त्रियांना बंद होतं. वाद घालायची रीत होती, वाद घालायचा हक्क मूठभरांचा होता. कोलंबियातल्या त्या पेपरचं महत्त्व या अंगानेही मोठं आहे.

वाद घालायचा हक्क म्हटलं की गुरुजींचा प्रश्न येतोच. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याला तिथले प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या छोट्या प्रस्तावनेत कॅनन स्वच्छ सांगतात की लेखकाच्या बऱ्याच टीकेशी मी सहमत नाही, आणि तरीही त्याच्या मांडणीतल्या ताजेपणाची तारीफ करतात. मतभेद सांगण्यासाठी प्रस्तावना वापरणारा गुरू आणि ती आपल्या पुस्तकात अभिमानाने छापणारा शिष्य, दोघेही मला आपल्या विद्यापीठांत हवेसे वाटतात. इरावती कर्व्यांची गोष्ट याच जातीची. १९३०च्या सुमाराला त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध करत होत्या. फिशर यांचा ओढा वंशभेद शास्त्राने सिद्ध करण्याकडे होता, हे पुढच्या इतिहासाने भयानक रीतीने दाखवलं. बाईंच्या मोजमापांतून मात्र वंशानुसार तसा फरक निघाला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. आपल्याकडे ‘सरांना हे चालेल का?’ हा प्रश्न विद्यार्थी लिहिण्याआधीच स्वतःला विचारतो आणि गप्प बसतो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात गुरूचे आभार दोन पानं, आणि गुरूशी मतभेद शून्य ओळी, हे प्रमाण तपासून पाहण्यासारखं आहे.

ही गप्प बसायची सवय भाषेतही उतरते. पुढचं वाक्य मी रचलेलं आहे, पण कुणाही मार्गदर्शकाला ते ओळखीचं वाटेल: ‘सदर संशोधनाच्या माध्यमातून प्रस्तुत संशोधकाने ग्रामीण भागातील महिलांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास करण्याचा प्रयत्न केलेला आहे.’ यातून ‘सदर’, ‘माध्यमातून’, ‘प्रस्तुत’, ‘चिकित्सक’ आणि ‘प्रयत्न’ काढून टाकले तर काय उरतं? कुठल्या तालुक्यातल्या, कुठल्या कामावरच्या बायका, आणि त्यांना कशाची अडचण? पाणी, मजुरी, बाळंतपण, सावकार? वाक्य याबद्दल मौन पाळतं. उद्दिष्टांचं पानही असंच. चारही उद्दिष्टांच्या शेवटी ‘अभ्यास करणे’ असतं. अभ्यास करणं हे उद्दिष्ट कसं असेल, तो तर मार्ग झाला. उद्दिष्ट म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नाला प्रश्नचिन्ह हवं. या पुस्तकातलं सगळ्यात छोटं प्रकरण हेच सांगतं: उद्दिष्टं आधी प्रश्नार्थक वाक्यांत लिहा, आणि ज्याचं प्रश्नार्थक वाक्य होत नाही ते उद्दिष्ट खोडा.

मराठीत संशोधनपर गद्य असं पहिल्यापासून नव्हतं. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तेव्हा त्याला जोडलेली प्रस्तावना वाचा. माणूस पत्रं देतो, तारखा जुळवतो, इतिहासकार ग्रँट डफच्या चुका दाखवतो, चिडतो, उपहास करतो. प्रत्येक वाक्यामागे कोण उभं आहे ते कळतं. त्यांची काही अनुमानं पुढे टिकली नाहीत, त्यांचा आवेश आज कुठलंही जर्नल छापणार नाही, आणि विद्यार्थ्याने त्यांच्यासारखं लिहावं असं मी म्हणणार नाही. पण राजवाड्यांपासून ‘प्रस्तुत संशोधकास असे दिसून आले’ इथवर आपण आलो, ती प्रगती खास नव्हे. ‘मी’ लिहायला बंदी आहे, असं विद्यार्थ्यांना वाटतं. बंदी कुणी घातली ते कुणाला सांगता येत नाही. मी तरी या पुस्तकातल्या सगळ्या नमुन्यांत ‘मला असं दिसलं’ ठेवलं आहे, कारण दिसणं ही कुणाची तरी जबाबदारी असते.

आता संदर्भांकडे वळू, कारण बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात ‘अकॅडमिक रायटिंग’ म्हणजे संदर्भ देणं एवढंच असतं. एपीए की एमएलए, स्वल्पविराम कुठे, तिरपा ठसा कशाला. यावर कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. या पद्धतींची मुळं फार साधी आहेत. शिकागो विद्यापीठात प्रबंधांच्या टंकलेखनावर देखरेख करणाऱ्या केट टुरेबियन यांनी १९३७ साली विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका तयार केली. तिच्यातून पुढे जगभर वापरलं जाणारं पुस्तक झालं. कामाच्या गरजेतून नियम आले. मराठीत काम करणाऱ्याच्या गरजा मात्र वेगळ्या आहेत आणि त्यांना इंग्रजी पुस्तिकेत उत्तर नाही. तुकारामाचा अभंग उद्धृत केला आणि नुसता क्रमांक दिला तर वाचकाच्या हाती काही लागत नाही, कारण गाथेच्या प्रतीगणिक क्रमांक बदलतो. सरकारने १९५० साली काढलेल्या गाथेतला क्रमांक जोगमहाराजांच्या प्रतीत शोधून पाहा. प्रत सांगितल्याशिवाय क्रमांक निरर्थक. जुन्या पुस्तकावर शके असतं; इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवायचे, आणि पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९. कविता कुसुमाग्रजांची आणि नाटक शिरवाडकरांचं असेल तर सूचीत एक नोंद करायची की दोन? लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिकेचे आधीचे लेख कुठे ठेवायचे? क्ष आणि ज्ञ वर्णक्रमात कुठे घ्यायचे? या प्रश्नांवर एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सगळ्यात मजा आली, हे सांगून टाकतो.

संदर्भाचं खरं काम पाहायचं असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कुठलाही खंड उघडावा. १९१९ मध्ये सुरू झालेलं हे काम १९६६ मध्ये पुरं झालं. पानाच्या वरच्या भागात मोजके श्लोक असतात आणि रेघेखाली बारीक टाइपात पाठभेद: कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा, कुठली ओळ जास्तीची. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या निमित्ताने १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘प्रोलेगोमिना’त हा निवाडा कसा केला त्याची पद्धत सांगितली आहे. संपादकाने निवडलेला पाठ तुम्हाला पटला नाही तर रेघेखालच्या सामग्रीवरून तुम्ही दुसरा निवडू शकता. वाचकाला आपल्या विरुद्ध निकाल देता यावा म्हणून सगळा पुरावा त्याच्या हाती ठेवायचा, हे तळटीपेचं काम आहे. ते एकदा समजलं की स्वल्पविरामाचं भांडण दुय्यम होतं.

याउलट आज विद्यार्थी संदर्भांकडे भीतीने पाहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या: साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करायचं, चाळीस ते साठमध्ये वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. नियम गरजेचे होते, याबद्दल वाद नाही. पण विद्यार्थ्याच्या डोक्यात राहिला तो आकडा. ‘सर, माझं चौदा येतंय, नऊवर कसं आणू?’ मग शब्द बदलायचे. ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘लक्षणीय’, ‘शेतकरी’च्या जागी ‘कृषक’, आणि पैसे घेऊन टक्के उतरवून देणारेही भेटतात. दुसऱ्याचा विचार आपल्या नावावर घेणं ही चोरी आहे, ती शब्द बदलल्याने धुतली जात नाही, आणि दुसऱ्याचे शब्द अवतरणात, नावानिशी देणं ही चोरी नाही. एवढं सरळ गणित टक्क्यांच्या नादात हरवतं. मराठी प्रबंधांची आणखी एक गंमत आहे. विद्यापीठाजवळच्या डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये मजकूर टाइप केला असेल तर यंत्राला तो रोमन अक्षरांचा निरर्थक घोळ दिसतो. साम्य शून्य! त्या शून्याला प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र समजायचं की काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हा खेळच बदलला. आता यंत्र मराठीतही सफाईदार परिच्छेद लिहून देतं आणि त्यात साम्याचे टक्के भरतातच असं नाही. सोबत संदर्भसूचीही येते, आणि त्या सूचीत कधी कधी जगात नसलेली पुस्तकं असतात: लेखक खरा, प्रकाशक खरा, ग्रंथ काल्पनिक. यावर पोलिसी उपाय शोधणाऱ्यांना मी शुभेच्छा देतो. माझं म्हणणं वेगळं आहे. उत्तर माहीत असलेल्या परीक्षकासाठी लिहायचं असेल तर यंत्र ते काम विद्यार्थ्यापेक्षा चांगलं करतं, आणि मुलांनी ते यंत्राकडून करून घेतलं तर आश्चर्य वाटायला नको. आटपाडीच्या डाळिंबवाल्याशी किंवा भिवंडीच्या पॉवरलूम कामगाराशी विद्यार्थिनी स्वतः बोलून आली असेल, तर तिला काय दिसलं ते यंत्राला ठाऊक नसतं. स्वाध्यायच असे द्यावेत की लिहिण्याआधी कुठेतरी जावं लागेल, काहीतरी मोजावं लागेल, निदान दोन पुस्तकं समोरासमोर ठेवावी लागतील.

आता चुकांविषयी, कारण वर्गात शिक्षकाचा लाल पेन सगळ्यात आधी तिकडेच जातो. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला आणि घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी हजारो मुलं वर्गात आली. त्यांचे निबंध वाचून अनेक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. मिना शॉनेसी यांनी मात्र अशा हजारो निबंधांचा अभ्यास केला आणि १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. चुका आळसातून येत नाहीत, त्यांमागे विद्यार्थ्याने मनाशी बांधलेला काहीतरी नियम असतो, तो शोधा, असं त्या सांगतात. आपल्या वर्गाला हे तंतोतंत लागू पडतं. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोरमाटी बोलणारी मुलगी ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत करते तेव्हा ती निष्काळजी नसते. अडचण अशी की शुद्धलेखनाच्या लाल खुणांत तिचा विचार कुणी वाचतच नाही. पहिल्या खर्ड्यावर फक्त विचाराबद्दल बोलावं आणि ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या खर्ड्यावर घ्यावं, ही सूचना मी शिक्षकांसाठीच्या प्रकरणात केली आहे. तिच्यावर मराठीचे काही सहकारी रागावतील याची कल्पना आहे.

पण खर्डे वाचणार कोण? इथे कुठलंही पुस्तक अपुरं पडतं. अनेक कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. साठ जणांचे खर्डे घरी नेऊन प्रत्येकाच्या समासात दोन ओळी लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत. लिहिणं शिकवण्याचं काम नेमकं त्या समासात होतं. कायम शिक्षकांवर दबाव निराळा: अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरीचे, गुण मोजायला सुरुवात केली, त्यासाठी पेपर, पेपरसाठी परिषद, परिषदेचं आयएसबीएन असलेलं जाडजूड पुस्तक, आणि त्या पुस्तकातले लेख छापणाऱ्यानेही वाचलेले नसतात. विद्यार्थी हे पाहत असतो. न वाचताच छापलं जातं हे ज्याने पाहिलं, त्याला वाचकाचा विचार करून लिही असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

तोवर जे हातात आहे ते करावं. दोघादोघांनी एकमेकांचे खर्डे वाचावेत आणि वाचणाऱ्याने शेरा देऊ नये, फक्त ‘मला यातून हे कळलं’ असं एक वाक्य लिहून द्यावं. लेखकाला जे सांगायचं होतं आणि वाचकाला जे कळलं, त्यांतलं अंतर पाहिलं की लेखक आपणहून दुसरा खर्डा लिहितो. यासाठी अनुदान लागत नाही. एका परिच्छेदाचा सारांश तीन वाक्यांत करणं, मग त्याच परिच्छेदाला एक हरकत घेणं, मग त्या हरकतीला मूळ लेखकाच्या वतीने उत्तर देणं, हा दुसरा सराव. पुस्तकाचा निम्मा भाग अशा सरावांचा आहे आणि तो वाचायचा नसून करायचा आहे.

शेवटी माध्यमाचं. विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना इंग्रजीत लिहावं लागेल हे मला मान्य आहे. पण ज्याला विचार मराठीत सुचतो त्याने पहिला खर्डा मराठीतच करावा, इंग्रजी पुस्तकं वाचून केला तरी. आणि पहिलं छापील लेखन म्हणून शोधनिबंधाची घाई करू नये; पुस्तकपरीक्षण लिहावं. त्यात दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगावं लागतं, त्याला दाद द्यावी लागते, हरकत घ्यावी लागते, आणि हे सगळं हजार-दीड हजार शब्दांत बसवावं लागतं. मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’, वाईचं ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, तत्त्वज्ञानाचं ‘परामर्श’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ अशा नियतकालिकांनी नव्या लेखकांच्या पिढ्या अशाच परीक्षणांतून आणि टिपणांतून घडवल्या. त्यांचे जुने अंक कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात बांधून ठेवलेले असतात. पहिल्या सरावासाठी त्यांतला एक अंक काढा, त्यातलं एक परीक्षण घ्या, आणि परीक्षकाने पुस्तकाचं म्हणणं कुठे संपवलं आणि स्वतःचं कुठे सुरू केलं, ती जागा पेन्सिलीने खूण करून दाखवा.